ताणाची नोकरी सोडून कमी पगाराची नोकरी धरावी का, हे कसे ठरवावे

नागपुरात कर सल्लागाराचे काम करताना दर जुलैत विवरणपत्र भरायला आलेल्यांपैकी कोणीतरी फॉर्म १६ (मालकाने दिलेला पगाराचा व कापलेल्या कराचा दाखला) पुढे सरकवत विचारतेच, की ही नोकरी सोडून अमुक ठिकाणी गेलो तर पगार वीस-पंचवीस टक्क्यांनी घटेल, पण डोके शांत राहील. तर जावे का? या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. पगार घटल्यावर घर चालेल का, हा हिशेबाचा प्रश्न असून तो कागद-पेन घेऊन बसल्यास एका संध्याकाळी सुटतो. नव्या जागी ताण खरोखर कमी होईल का, हा चौकशीचा प्रश्न आहे आणि त्याला काही आठवडे द्यावे लागतात. माझ्या पाहण्यातील बहुतेक जण पहिल्या प्रश्नाच्या धास्तीने वर्षानुवर्षे अडून राहतात आणि एकदा ती धास्ती मोडली, की दुसऱ्या प्रश्नाकडे न पाहताच राजीनामा देऊन मोकळे होतात. म्हणून हिशेबाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, वेळ चौकशीला द्यावा असे मला मनापासून वाटते.

दुखणे कुठे आहे

सर्वप्रथम एक साधी वही करावी आणि पूर्ण एक महिना, महिनाअखेरीसह, रोज झोपण्यापूर्वी तीत तीन-चार ओळी लिहाव्यात. महिनाअखेर त्यात यायलाच हवी, कारण बँकेतील टार्गेट असो, कारखान्यातील डिस्पॅच असो की लेखा विभागातील क्लोजिंग असो, शेवटच्या आठवड्याचा भार पहिल्या आठवड्यासारखा नसतो. नोंद नेमकी असावी. ‘आज फार वैताग आला’ या वाक्यातून पुढे काहीच हाती लागत नाही. पण ‘रात्री १०.४०, मुलीला झोपवताना प्लँटमधून फोन, मशीन बंद पडल्याचे अर्धा तास बोलणे, नंतर दोनपर्यंत झोप नाही’ अशी नोंद असेल, तर त्रास बॉसचा आहे, कामाचा आहे की रात्रीच्या फोनचा आहे, हे महिन्याने स्पष्ट दिसते.

महिना संपला की नोंदींची वर्गवारी करावी. काही नोंदी निव्वळ बोजाच्या निघतील, काही एका विशिष्ट वरिष्ठाच्या वागण्याच्या, काही पाळ्यांच्या किंवा अमेरिकेच्या वेळेनुसार चालणाऱ्या कामाच्या, काही वर्धा रोडवरच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या आणि काही तर कार्यालयाशी काहीच संबंध नसलेल्या, घरातल्या आजारपणाच्या किंवा कर्जाच्या. प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. वरिष्ठ हेच एकमेव कारण असेल, तर त्याच पगारात दुसऱ्या विभागात किंवा दुसऱ्या कंपनीत जाणे पुरेसे ठरू शकते. त्यासाठी उत्पन्नाचा चौथा हिस्सा सोडण्याचे कारण नाही. त्रास लैंगिक छळाचा असेल, तर २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि त्याहून लहान ठिकाणी काम करणाऱ्या स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तिथे पगार कमी करून घेऊन निघून जाणे हा पीडितेनेच दंड भरण्याचा प्रकार होतो. ती नोकरी सोडायची की नाही, हे तिने तक्रारीचा मार्ग माहीत करून घेतल्यावर ठरवावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची नोंद आजार म्हणून न करता कामाशी निगडित अवस्था म्हणून केली आणि तिच्या तीन बाजू सांगितल्या: शक्ती पूर्ण संपल्यासारखी वाटणे, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे वाटणे. आपल्या वहीत या तिन्ही गोष्टी आठवड्यामागून आठवडे दिसत असतील, तर आठ दिवसांच्या रजेने भागणारे हे प्रकरण नव्हे. मात्र त्याच वेळी शरीराचीही तपासणी करून घ्यावी. सततच्या थकव्यामागे थायरॉईड, कमी हिमोग्लोबिन किंवा, विशेषतः शाकाहारी माणसांत, बी-१२ ची कमतरताही असू शकते आणि ती नोकरी बदलल्याने भरून निघत नाही. झोप उडाली असेल, भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर निर्णय बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे ‘मेडिकल’मध्ये, मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे आणि केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र निःशुल्क चालतो. जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर त्याच दिवशी घरच्या माणसाला सांगावे आणि या क्रमांकावर फोन करावा. पगाराचा हिशेब नंतर होईल.

पगार खरोखर किती घटतो

दोन ऑफर लेटरमधील सीटीसीची (कंपनीला आपल्यावर होणाऱ्या एकूण वार्षिक खर्चाची) वजाबाकी करून जो आकडा येतो, तो जवळपास नेहमीच चुकीचा असतो. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर नव्या करप्रणालीत पगारदाराला ७५,००० रुपयांचे स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून मिळणारी सरसकट वजावट) धरून १२,७५,००० रुपयांपर्यंतच्या वार्षिक पगारावर आयकर द्यावा लागत नाही. समजा, आपला करपात्र पगार वर्षाला १५ लाख आहे आणि नव्या जागी तो १२ लाख होणार आहे. पंधरा लाखांवर स्टँडर्ड डिडक्शननंतर ९३,७५० रुपये कर आणि त्यावर ४ टक्के उपकर मिळून ९७,५०० रुपये जातात. बारा लाखांवर काहीच जात नाही. म्हणजे कागदावर ३ लाखांचा दिसणारा तोटा हातात पडणाऱ्या पैशांत २,०२,५०० रुपयांचा, महिन्याला सुमारे १६,९०० रुपयांचा आहे. उलट, ९ लाखांवरून ७ लाखांवर येणाऱ्याला दोन्हीकडे कर शून्यच असल्याने पूर्ण दोन लाखांची झळ बसते. त्यामुळे दुसऱ्याने किती टक्के पगार सोडला, यावरून आपला निर्णय कधीही घेऊ नये.

त्यानंतर आताच्या नोकरीमुळेच होणारा खर्च वजा करावा. मनीषनगरातून बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःच्या गाडीने जाणाऱ्याचे महिन्याला बाराशे किलोमीटर सहज होतात, म्हणजे लिटरला पंधरा किलोमीटर धरले तरी ऐंशी लिटर पेट्रोल. नवी जागा सीताबर्डी किंवा धरमपेठेत असेल आणि घर मेट्रोच्या कोणत्याही मार्गाजवळ असेल, तर हा खर्च फार खाली येतो. थकून घरी आल्यावर बाहेरून मागवलेले जेवण, वेळ नाही म्हणून लावलेल्या शिकवण्या, आठवड्याचा शीण घालवण्यासाठी रविवारी मॉलमध्ये केलेला खर्च, हेही तपासावे. परंतु हा खर्च आपोआप थांबेल असे गृहीत धरू नये, कारण सवयी नोकरीबरोबर राजीनामा देत नाहीत.

दुसऱ्या बाजूला, पगारात न दिसणाऱ्या ज्या गोष्टी जाणार आहेत त्या लिहून काढाव्यात. यातील सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कंपनीचा सामूहिक मेडिक्लेम. तो साधारणतः नोकरीच्या शेवटच्या दिवशीच संपतो आणि त्यात आई-बाबा असतील तर त्यांचेही संरक्षण त्याच दिवशी जाते. स्वतंत्र पॉलिसीत सुरुवातीचे ३० दिवस अपघात वगळता दावा मिळत नाही आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या कोणाचेही नाव कुटुंबात असेल, तर नोकरी सोडण्याचा विचार सुरू झाला त्याच महिन्यात पॉलिसी घ्यावी. पुढे नोकरी सोडली नाही तरी ती वाया जात नाही. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील जीएसटीही उठला आहे.

ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना सेवेबद्दल मालकाकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशांना, कायम नोकरीत सलग पाच वर्षांची सेवा लागते आणि शेवटच्या मूळ पगार व महागाई भत्त्याच्या २६ भागांपैकी १५ भाग, गुणिले सेवेची वर्षे, असा तिचा हिशेब आहे. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून ४०,००० रुपये धरले तर पाच वर्षांचे सुमारे १,१५,००० रुपये होतात. चार वर्षे दहा महिने झाले असतील आणि प्रकृती ठीक असेल, तर दोन महिने थांबणे शहाणपणाचे आहे. चार वर्षेच झाली असतील तर केवळ या रकमेसाठी आणखी एक वर्ष अंगावर काढणे मला पटत नाही. मुदतीच्या करारावर असणाऱ्यांना नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार एका वर्षाच्या सेवेनंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे त्यांनी विसरू नये.

भविष्य निर्वाह निधी (पीएफ) मात्र कधीही काढून घेऊ नये. यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) तोच ठेवून जुनी रक्कम नव्या खात्यात वळवली, की सेवेची वर्षे जोडली जातात. पाच वर्षे पूर्ण होण्याआधी रक्कम काढल्यास ती सामान्यतः करपात्र ठरते आणि निवृत्तिवेतनासाठी लागणारी दहा वर्षेही तुटतात. नवी संस्था लहान असेल, तर तिथे पीएफ आहे का, हे आधी विचारावे, कारण हा कायदा सर्वसाधारणपणे वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना लागू होतो. पीएफ नसेल, तर मालकाचा १२ टक्के वाटाही गेला असे समजून तुलना करावी आणि निवृत्तीची तजवीज पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) किंवा एनपीएस (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना) यांमधून स्वतःच करण्याची तयारी ठेवावी.

घराच्या हप्त्याचे गणित सोपे पण कठोर आहे. ३० लाखांचे कर्ज ८.५ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी असेल, तर हप्ता सुमारे २६,००० रुपये येतो आणि पगार घटला म्हणून तो घटत नाही. सर्व हप्ते मिळून नव्या पगाराच्या ४० टक्क्यांवर जात असतील, तर आधी गाडीचे किंवा वैयक्तिक कर्ज फेडावे आणि मगच पाऊल उचलावे, असे मी प्रत्येकाला सांगत आलो आहे.

कमी पगारात आधीच जगून पाहणे

कागदावरचा हिशेब कितीही काटेकोर असला तरी त्यावर घर विश्वास ठेवत नाही. म्हणून राजीनाम्यापूर्वी किमान तीन महिने नव्या पगारातच राहावे. पगार जमा झाला, की त्याच दिवशी फरकाची रक्कम वेगळ्या खात्यात वळवावी, त्या खात्याचे कार्ड जवळ ठेवू नये आणि उरलेल्यात महिना काढावा. हे तीन महिने सोयीचे निवडू नयेत. नागपूरकराने शक्यतो मे आणि जून त्यात धरावेत, कारण मेमध्ये एसी आणि कूलरचे विजेचे बिल येते आणि जूनमध्ये शाळेची फी, पुस्तके व गणवेश येतात.

माझ्या परिचयातील एका जोडप्याने असेच केले. पत्नी मिहान या नागपूरच्या विमानतळाजवळील उद्योगक्षेत्रातील एका कंपनीत रात्रपाळीच्या सपोर्टचे काम करत होती आणि तिला एका महाविद्यालयाच्या संगणक विभागात जवळपास दोन तृतीयांश पगाराची जागा मिळत होती. एप्रिल निभावला. मेच्या वीस तारखेला वेगळ्या खात्यातून पैसे काढावे लागले, तेव्हा दोघांनी महिन्याच्या नोंदी समोर घेतल्या. दोघांनाही वाटत होते की किराणा आणि बाहेरचे खाणे यांनीच घात केला असणार. प्रत्यक्षात भगदाड दुसऱ्या गाडीच्या हप्त्याने पाडले होते आणि ती गाडी केवळ तिच्या रात्रीच्या येण्याजाण्यासाठी घेतलेली होती. ती विकून कर्ज मिटवले, जून सुरळीत गेला आणि ऑगस्टमध्ये तिने नोकरी बदलली. हा तपशील मी मुद्दाम देतो आहे, कारण मे महिन्यातच ‘जमणार नाही’ म्हणून विषय बंद करण्याच्या बेतात ते होते. एक महिना मोडला म्हणजे निर्णय चुकला असे होत नाही. कोणत्या खर्चाने मोडला, हे शोधायचे असते.

या सरावातून साठलेली रक्कम हाच नव्या नोकरीतील पहिला आधार ठरतो. घरात मिळवते एकच माणूस असेल तर सहा महिन्यांचा, दोघे असतील तर तीन-चार महिन्यांचा खर्च हाताशी असावा.

नव्या जागेची चौकशी

पगार कमी म्हणजे ताण कमी, ही समजूत या सगळ्या प्रकरणात सर्वांत घातक आहे. खासगी शाळा, पतसंस्था, स्वयंसेवी संस्था, घरच्या लोकांनी चालवलेल्या लहान कंपन्या, या ठिकाणी पगार कमी असतो त्याचे एक कारण पुष्कळदा असे असते, की तिथे माणसे अपुरी असतात आणि एकाच्या टेबलावर तिघांचे काम येते. काही ठिकाणी पगाराची तारीखच ठरलेली नसते, आणि हप्ता पाच तारखेला असलेल्या माणसाला तो ताण जुन्या बॉसपेक्षा जड जातो.

म्हणून मुलाखतीत आपणही प्रश्न विचारावेत आणि ते सरळ विचारावेत. या जागेवर आधी कोण होते आणि त्यांनी का सोडले? पगार दर महिन्याला कोणत्या तारखेला जमा होतो? शनिवारी काम असते का, सुटी कोण मंजूर करते, कार्यालय सुटल्यावर फोन येतात का आणि आले तर कशासाठी? ‘आपल्याकडे सगळे घरच्यासारखे आहे’ असे उत्तर मिळाले, तर प्रश्न पुन्हा विचारावा, कारण ते उत्तर नव्हे.

मुलाखतीपलीकडची चौकशी नागपुरात अवघड नाही. या शहरात दोन माणसांच्या पलीकडे ओळख निघतेच; ती काढून तिथून सोडून गेलेल्या एखाद्या व्यक्तीला चहासाठी भेटावे आणि तिने कशाबद्दल बोलायचे टाळले, याकडेही लक्ष द्यावे. याशिवाय दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी, त्यात एक महिनाअखेरचा दिवस धरून, संध्याकाळी त्या कार्यालयाच्या आसपास थांबावे. सुटण्याची वेळ सहाची असेल आणि साडेसातलाही पार्किंगमधल्या गाड्या तशाच उभ्या असतील, तर मुलाखतीत ऐकलेल्या वेळेवर विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही. माणसे बाहेर पडताना एकमेकांशी बोलत येतात की मान खाली घालून फोनवर बोलत येतात, एवढे पाहिले तरी बरेच कळते.

आता वही पुन्हा काढावी. तीतील प्रत्येक नोंद घेऊन, ही गोष्ट नव्या जागी घडेल का, असे स्वतःला विचारावे आणि समोर ‘नाही’, ‘होय’ किंवा ‘माहीत नाही’ असे लिहावे. ‘माहीत नाही’ फार असतील, तर चौकशी अपुरी आहे. ‘नाही’ निम्म्याहून कमी असतील, तर आपण पगार देऊन तोच त्रास विकत घेत आहोत. बहुतेक नोंदींसमोर ‘नाही’ आले आणि तीन महिन्यांचा सराव जमला, तर जाण्यास मला कोणतीही हरकत दिसत नाही, मग नातेवाईक काहीही म्हणोत.

आणखी दोन गोष्टी या टप्प्यावर पाहाव्यात. नव्या जागी हुद्दा खाली येणार असेल, वयाने लहान माणसाला उत्तर द्यावे लागणार असेल, लग्नकार्यात ‘सध्या कुठे?’ या प्रश्नाला नवे उत्तर द्यावे लागणार असेल, तर ते आपल्याला किती बोचेल, याचा प्रामाणिक अंदाज घ्यावा. बोचणार असेल तर त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही, पण ते आधी माहीत असावे. दुसरे म्हणजे परतीची वाट. दोन-तीन वर्षांनी पुन्हा मूळ क्षेत्रात यायचे झाले, तर नव्या कामात आपले कौशल्य जिवंत राहील का? तिशीच्या आतल्या माणसाला हा प्रश्न फारसा अडवत नाही. पंचेचाळिशीत मात्र तो पगाराइतकाच महत्त्वाचा ठरतो.

घरात बोलणे

पहिल्यांदा जोडीदाराशी बोलावे आणि बोलताना वही व हिशेब दोन्ही समोर ठेवावेत. ‘मला आता सहन होत नाही’ हे खरे असले, तरी त्यातून समोरच्याला फक्त भीती मिळते. आकडे पाहिल्यावर तिला किंवा त्याला काही सुचवता येते. आई-बाबांना निर्णयाच्या जवळ पोहोचल्यावर सांगावे. ज्या बाबांनी वेकोलित (वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीत) किंवा रेल्वेत तीस वर्षे एकाच नोकरीत काढली, त्यांना चालू पगार सोडणे वेडेपणाचे वाटेल, आणि त्यामागे त्यांची काळजीच असते. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा मेडिक्लेम घेतला आहे, सहा महिन्यांचे पैसे बाजूला आहेत, घराचा हप्ता बसतो आहे, हे त्यांना दाखवावे. काका, मामा, शेजारी यांचे मत मागू नये.

राजीनाम्याआधी आणि नंतर

सध्याच्या ठिकाणी एकदा लेखी विनंती करून पाहावी आणि ती वहीतील सर्वांत जास्त वेळा आलेल्या नोंदीपुरतीच असावी: रात्री नऊनंतरचे फोन आळीपाळीने वाटून द्यावेत, पाळी बदलून मिळावी, दोन महिन्यांची बिनपगारी रजा मिळावी. होकार मिळाला तर उत्तम. नकार मिळाला तर एक शंका मिटते.

नव्या ठिकाणचे नियुक्तिपत्र, त्यात पगाराचा तपशील आणि रुजू होण्याची तारीख, हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नये. याला अपवाद एकच: डॉक्टरांनी थांबायला सांगितले असेल. अशा वेळी वैद्यकीय रजा मागावी, आणि ती नाकारली गेली तर हिशेब पूर्ण बसत नसला तरी बाहेर पडावे.

नोटीस पिरियड किती आहे, तो कमी केल्यास किती रक्कम कापली जाईल, बॉण्ड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आहे का, शिल्लक रजेचे पैसे मिळतात का, हे आपल्या नियुक्तिपत्रातून वाचून घ्यावे. एचआरला विचारण्याआधी वाचावे. निघताना रिलिव्हिंग लेटर, अनुभवपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि फुल अँड फायनलचा हिशेब घ्यावा. काही दिवसांनी पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरली गेली आहे का, हे पाहावे, कारण ती नसल्यास रक्कम वळवताना अडचण येते. वर्षाच्या मध्यात बदल होत असेल, तर जुन्या पगाराची आणि कापलेल्या कराची माहिती नव्या मालकाला द्यावी; अन्यथा दोन्हीकडे करसवलत धरली जाते आणि जुलैत विवरणपत्र भरताना एकदम मोठी रक्कम व्याजासह भरावी लागते. दोन नोकऱ्यांच्या मध्ये, जमल्यास, दोन आठवड्यांची मोकळीक ठेवावी आणि आपल्या नावावरची आरोग्य पॉलिसी जुन्या नोकरीच्या शेवटच्या दिवसाच्या किमान एक महिना आधी सुरू झालेली असावी, म्हणजे ३० दिवसांचा प्रतीक्षाकाळ त्या मोकळ्या दिवसांत शिल्लक राहणार नाही.